वाळूला पाय नसतात

बाजारात आमची दुकानं शेजारी-शेजारी आहेत. मधली भिंत इतकी पातळ, की त्याच्या मशीनची टीप सरळ चाललीय की वाकडी, हे मला इकडे बसून कळतं. मी तयार कपडे अंगाबरोबर करून देते. कुणाची कंबर वाढलेली असते, कुणाला बाही लांब होते, कुणाला वडिलांचा कोट स्वतःच्या खांद्यावर बसवून हवा असतो. तो बॅगा शिवतो. शाळेच्या, प्रवासाच्या, अवजारांच्या, टपाल वाटणाऱ्यांच्या. त्याला सगळे मजबूत म्हणतात. अंगाने म्हणाल तर फुंकर मारली तर उडेल असा. नाव पडलं ते त्याच्या तोंडच्या शब्दावरून. रंग जाईल का, पाणी आत शिरेल का, कधी मिळेल, गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी हा आधी म्हणणार, "मजबूत आहे."

आणि असायची खरंच. कारण त्याचा एक नियम होता. बॅग शिवून झाली की जेवढं वजन तिच्यात जायचं असेल त्याच्या तिप्पट वाळू भरायची, दाराजवळच्या लोखंडी आकड्याला ती दोन दिवस टांगायची, आणि येता-जाता तिला एक झोका द्यायचा. टीप उसवली नाही, पट्टा ताणला नाही, तरच बॅग गिऱ्हाइकाच्या हातात. माझ्या दारात त्या वाळूचे कण रोज यायचे आणि रोज आमचं त्यावरून वाजायचं. माझा राग नाकावर असतो हे बाजाराला ठाऊक आहे, त्यामुळे तो निमूटपणे झाडू घेऊन यायचा.

एक्केचाळिसाव्या वर्षी तो बाप झाला. त्याची बायको रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. लोकांचं रक्त तपासायचं आणि रिपोर्ट लिहायचे. शांत बाई, मोजकं बोलणारी. मुलगी झाली ती गोल, गुळगुळीत, ओठ सदा मिटलेले. मी पहिल्याच दिवशी तिला बटण म्हटलं आणि घरातही तेच रूढ झालं.

बायकोची रजा संपली तेव्हा बटण अडीच महिन्यांची होती. ठरलं असं, की आई कामावर जाईल आणि लेक बापाबरोबर दुकानात राहील. ठरवायला काय जातं? पण बटणला खाली ठेवलेलं चालेना. पाळण्यात ठेवलं की रडणं, टोपलीत ठेवलं की रडणं, माझ्या कापडाच्या मऊ गठ्ठ्यावर ठेवलं तर त्याहून मोठ्याने रडणं. छातीशी धरलं की गप्प. आणि एक हात पोरीपाशी अडकला की उरलेल्या एका हाताने माणूस बॅग काय बेतणार?

बायकोने एक तयार बेबी कॅरिअर आणून दाखवलं. त्याने ते उलटं केलं, जोड ओढून पाहिले आणि कडू औषध प्यायल्यासारखं तोंड केलं.

"एकेरी टीप आहे," तो म्हणाला. "यात मी बटाटेसुद्धा ठेवणार नाही."

मग त्याने स्वतः झोळी शिवली. जाड पण मऊ कॅनव्हास, खांद्यावर रुंद पट्टे, पट्ट्यांत स्पंज, प्रत्येक जोडावर चौकोन आणि चौकोनात फुली अशी भक्कम टीप. बूड मात्र निमुळतं. वजन मधोमध गोळा झालं की वाहणाऱ्याच्या कमरेला त्रास होत नाही, हे वीस वर्षांत त्याच्या हातात मुरलेलं होतं. पोरगी होती पाच किलोची, याने पंधरा किलो वाळू भरली आणि झोळी आकड्याला टांगली.

"अरे, पोरगी आहे की सिमेंटचं पोतं?" मी विचारलं.

"ताई, पडली तर?" तो म्हणाला. या एका भीतीपायी त्याने झोळीला दोनाऐवजी चार दिवस झोके दिले.

टीप जागची हलली नाही. पाचव्या दिवशी त्याने झोळी झटकली, धुतली, इस्त्री केली आणि बटणला आत बसवलं. ती एकदा वर बघून शिंकली आणि झोपली. गडी असा काही उभा राहिला, की जणू बॅगा शिवायची कला त्यानेच शोधून काढलीय.

पुढचा महिना त्याचे पाय जमिनीवर नव्हते. बेतणं, कापणं, बकलं बसवणं ही उभ्याची कामं तो तिला छातीशी बांधून करायचा. मशीनची कामं बायको घरी आल्यावर. गिऱ्हाईक आलं की त्याच्याशी बोलायच्या आधी लेकीशी बोलणार. "हे बघ बटण, या काकांनी गेल्या वर्षीची बॅग परत आणलीय. का विचार त्यांना. कुत्र्याने खाल्ली म्हणतात." एरवी दिवसाला दहा वाक्यं न बोलणारा माणूस! एकदा दुपारी चहा घेताना मला म्हणाला, "ताई, आयुष्यभर लोकांना ओझी वाहायला पिशव्या दिल्या. ओझं खाली ठेवावंसं वाटत नाही, असं पहिल्यांदाच होतंय." मी त्याला म्हटलं, चहा सांडतोयस तिच्या डोक्यावर. दुसरं काय म्हणणार?

बटणचे पाय झोळीच्या दोन्ही बाजूंनी सरळ खाली लोंबायचे. तो चालला की ते हलायचे. सगळ्या बाजाराला त्याचं कौतुक. जाणारा-येणारा तिचे तळवे हलवून जायचा. मीसुद्धा. तीस वर्षं मी माणसांची अंगं बघतेय, कुठे काचतंय, कुठे ताण येतोय हे माझ्या नजरेतून सुटत नाही अशी माझी फुशारकी. पण तेव्हा मी फक्त "छान शिवलीस" एवढंच म्हटलं होतं.

बटण साडेतीन महिन्यांची असताना तिला लस द्यायला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिचे गुडघे हातात धरले, दुमडले, बाजूला उघडले, आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. डावा खुबा सैल होता. मांडीच्या हाडाचा गोळा खोबणीत नीट बसत नव्हता. लवकर सापडलंय, काळजीचं कारण नाही, असं त्या म्हणाल्या. मऊ पट्ट्यांचा एक साज मिळेल, तो घालून गुडघे बेडकासारखे वर आणि बाजूला ठेवायचे, बारा आठवडे, दिवसरात्र. मग त्यांची नजर भिंतीला टेकून ठेवलेल्या झोळीवर गेली.

"यात पाय कसे राहतात हिचे?" त्यांनी विचारलं.

त्याने दोन बोटं खाली सोडून दाखवली.

"हे नको. बाळाचं बूड आणि मांड्या, दोन्हींना आधार हवा. एका गुडघ्यापासून दुसऱ्या गुडघ्यापर्यंत कापड पाहिजे. हे फार निमुळतं आहे."

"माझ्यामुळे झालं?" त्याने विचारलं.

"तसं नाही. हे बहुतेक जन्मापासूनच असणार. तुमच्या झोळीने झालं असं मी म्हणत नाही. फक्त ती वापरू नका."

हे सगळं मला त्याच्या बायकोने सांगितलं. तो येऊन दुकानात बसला तेव्हा त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. डॉक्टरीणबाईंचं अर्धंच बोलणं त्याच्या कानात शिरलं होतं. त्याने झोळी आतून बाहेर उलटी केली. सगळ्या टिपा जागच्या जागी. एक धागा सुटलेला नाही.

"चार दिवस टांगली होती ताई," तो म्हणाला. "वाळू भरून. वाळूला पाय नसतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

मी समजूत काढायला गेले. जन्मापासूनच आहे म्हणाल्या ना त्या? तो म्हणाला, डॉक्टर असंच सांगतात. बापाच्या तोंडावर कोण खरं बोलणार? त्याने कात्री घेतली आणि झोळीचे तुकडे केले. इतके लहान, की त्यातून चष्म्याचं घरसुद्धा शिवता आलं नसतं.

त्या दिवसापासून त्याने बटणला उचललं नाही.

हे माझ्या लगेच ध्यानात आलं नाही, कारण बाकी सगळं तो करत होता. बायकोची आई तीन महिने मदतीला येऊन राहिली. हा सकाळी उठून दुपटी धुवायचा, बाटल्या उकळायचा, पट्ट्यांमुळे पोरीला आंघोळ नाही म्हणून कोमट पाण्यात कापड भिजवून सासूच्या हातात द्यायचा. पट्ट्याची कड तिच्या खांद्याला घासत होती, तर तो डॉक्टरांना विचारून मऊ कापडाची गवसणी शिवून घेऊन आला. बसवली मात्र बायकोने. सगळे म्हणायचे, किती करतो बिचारा. मीही म्हणायचे.

मग एका सकाळी त्याच्या सासूबाई बटणला घेऊन दुकानात आल्या. त्यांना समोरच्या औषधाच्या दुकानात जायचं होतं.

"जावईबापू, धरा जरा हिला. दोन मिनिटांत येते."

"माझे हात खराब आहेत," तो म्हणाला.

मी दारातच होते. त्याचे हात स्वच्छ होते. त्याने ते पाठीमागे नेले, एखाद्या चोरासारखे. बटणने त्याच्याकडे दोन्ही हात पसरले होते. पाच महिन्यांचं लेकरू, पाय पट्ट्यांत बांधलेले, वरचं अर्धं अंग बापाकडे झेपावतंय, आणि बाप मशीनखाली पडलेलं रीळ शोधतोय. शेवटी मीच तिला घेतलं. ती माझ्या खांद्यावरून त्याच्याकडेच बघत राहिली. तेव्हा मात्र मला खरं कळलं. खुबा बारा आठवड्यांत बसेल. हा माणूस असाच राहिला तर पोरीला बाप असून नसल्यासारखा होईल. खुब्याला पट्टे तरी मिळाले, याच्यावर कुठून आणायचे?

बारा आठवडे संपले. खुब्याचे फोटो काढले, तपासलं. गोळा खोबणीत छान बसला होता. पट्टे निघाले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हिला पोटाशी धरून खूप फिरवा, पाय पसरून. फक्त झोळी रुंद बुडाची घ्या. सासूबाईंनाही स्वतःचं घर होतं, त्या आठ दिवसांत निघणार होत्या. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न: दिवसा बटणला कोण घेणार?

सुट्टीच्या दिवशी दुपारी बायको बटणला घेऊन माझ्याकडे आली आणि भिंतीवर थाप मारून तिने त्याला बोलावलं. तो आला, दाराशीच उभा राहिला.

"तयार घेऊ या," बायको म्हणाली. "रुंद बुडाची मिळते."

"एकेरी टीप असते," तो म्हणाला. सवयीनेच म्हणाला असणार. मग माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही माप घ्या हिचं. मी पिशवीचं माप घेतो. माणसाचं मला येत नाही."

मी टेप गळ्यातून काढला. बटणला टेबलावर ठेवलं, तर ती लगेच कुशीवर वळली आणि टेप तोंडात घातला. पाय काही हाती लागेनात.

"धर तिला," मी म्हटलं.

बायको पुढे झाली. "तू नको," मी म्हणाले. "ज्याला शिवायचंय त्याने धरायचं. माझ्याकडे असाच नियम आहे." असा काही नियम माझ्याकडे नव्हता.

तो हलेना. मग माझा पारा चढला. "मला चार हात आहेत का रे? पोरगी टेबलावरून पडल्यावर येणार आहेस?"

'पडली' हा शब्द त्याला खेचत आतवर घेऊन आला. त्याने बटणला काखेत हात घालून उचललं. तिने लगेच त्याच्या शर्टाचं बटण पकडलं आणि अशी काही हसली, की त्याने तिला आणखी घट्ट धरलं. मी तिचे गुडघे दुमडले, बाजूला केले, एका गुडघ्याच्या वळणीपासून दुसऱ्यापर्यंत टेप धरला.

"दुखेल का तिला?" त्याने विचारलं.

"हसतेय ती. बघ की."

"पहिल्यांदाच माप घेतलं असतं तर," तो म्हणाला, "तिचे तीन महिने वाया गेले नसते. मी केलं हे तिला."

"नाही," बायको म्हणाली.

"डॉक्टर काहीही म्हणोत..."

"डॉक्टर नाही, मी म्हणतेय. मला माहीत होतं."

मी टेप धरून तशीच थांबले. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, पण ती थांबली नाही.

"आंघोळ घालताना डाव्या खुब्यात टक् व्हायचं. सहाव्या दिवसापासून. तू झोळी बेतलीसुद्धा नव्हतीस. मी रुग्णालयात काम करते, दोन जिने चढून विचारायचं होतं फक्त. नाही विचारलं. रोज दुसऱ्यांचे रिपोर्ट लिहिते, आणि माझ्या लेकीचा रिपोर्ट मला नको होता. आणि मग तू म्हणालास, माझ्या झोळीमुळे झालं. मला..." तिने बटणकडे पाहिलं. "मला सुटल्यासारखं वाटलं. तुला रोज बघत होते, तू तिला हात लावत नव्हतास, आणि मी गप्प बसले."

खरं सांगते, मला तिचा संताप आला. तीन महिने! हा माणूस आतून पोखरत चालला होता आणि ही समोर बसून जेवत होती. पण तिच्याकडे पाहिलं आणि संताप टिकला नाही. तिला तिथे उभं राहणंही कठीण जात होतं.

त्याने बटणला माझ्याकडे दिलं, मापाचा कागद उचलला आणि गेला.

पुढचे दोन दिवस त्याचं दुकान उघडं होतं पण मशीन बंद. मी भिंतीला कान लावून बसलेली, लाज सोडून. एखादं भांडण ऐकू आलं असतं तरी जीव भांड्यात पडला असता. माझ्या मनात नाही नाही ते येत होतं. गुन्हा स्वतःच्या डोक्यावरून उतरला की तो दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवून मोकळी होणारी माणसं मी कमी पाहिलेली नाहीत. तिसऱ्या दिवशी मशीन सुरू झालं. टीप सरळ चालली होती.

आठवड्याच्या शेवटी, सासूबाई गेल्या त्या सकाळी, त्याने मला हाक मारली. बायको कामाच्या कपड्यांत, बटण तिच्या कडेवर. टेबलावर नवी झोळी. बूड रुंद, मांडीखाली मऊ गादी, सगळं माझ्या मापाबरहुकूम. आकड्याला काहीच टांगलेलं नव्हतं. मी झोळी हातात घेऊन फिरवून पाहिली, कारण वाईट शोधल्याशिवाय मला चैन पडत नाही, आणि ते सापडलंच. खांद्याचे दोन पट्टे मागे जिथे जोडले जातात ते बकल त्याने बरोबर पाठीच्या मधोमध लावलं होतं.

"वीस वर्षं पट्टे शिवतोयस," मी म्हटलं. "इथे हात पोचतो का कुणाचा? बकल पुढे नाही का घ्यायचं? एकट्या माणसाने हे लावायचं कसं?"

"लावता येऊ नये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

त्याने झोळी छातीवर चढवली, बायकोकडून बटणला घेतलं, आत बसवलं, तिचे गुडघे एकेक करून बाजूला केले. मग पाठ वळवली. माझ्याकडे नाही, बायकोकडे.

"आता या घरात कुणी एकट्याने काही उचलायचं नाही," तो म्हणाला. "तू लाव."

ती पुढे आली. तिला बकल सापडायला वेळ लागला, डोळ्यांना दिसत नसणार. टक् असा आवाज झाला आणि ती त्या आवाजाने केवढी दचकली! तो तसाच पाठमोरा उभा राहिला. तिने कपाळ त्याच्या पाठीवर टेकलं, बकलाच्या जरा वर, आणि रडली. बटणने मान वळवून कोण रडतंय ते शोधलं, आणि मग बापाच्या गळपट्टीत तोंड खुपसून तीही भोकाड पसरून रडू लागली.

बायकोला कामावर जायला पंधरा मिनिटं उशीर झाला. जाताना दारात थबकून तिने विचारलं, "दुपारी तिला दूध पाजायला काढशील, मग परत कोण लावणार?"

त्याने हनुवटीने माझ्याकडे खूण केली.

विचारायची पद्धत नाही, काही नाही! मी त्याला फाडफाड बोलले. मला माझी कामं नाहीत का, मी काय त्याच्या बकलाची नोकर आहे का. दोन वाजता भिंतीवर थाप पडली, आणि मी अर्धी बाही सुईत तशीच सोडून धावले.